हॅशची सहा वाक्यं

सावद्याच्या एका केळी-व्यापाऱ्याच्या मुनीमजींचा फोन सकाळी पावणेसातला आला. "ताई, कालच्या पावत्या आज तुमचं मशीन ओळखतच नाही."

मशीन म्हणजे मी लिहून दिलेला प्रोग्राम. घडांचं वजन झालं की शेतकऱ्याचं नाव आणि गाव टाकायचं, पावती छापायची, पावतीवर चार आकडी खूण. ती खूण मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या हॅश() या फंक्शनने काढत होते. त्याला काहीही दिलं की त्यावरून ते एक आकडा काढून देतं, त्या आकड्यालाच हॅश म्हणतात. नाव आणि गाव जोडायचं, त्याचा हॅश काढायचा, दहा हजाराने भागून बाकी घ्यायची. वेगळी यादी ठेवायला नको, नाव टाकलं की खूण हजर. मला तेव्हा ते फार हुशारीचं वाटलं होतं. इन्व्हर्टरच्या जोरावर कॉम्प्युटर नऊ दिवस अखंड चालला आणि नऊ दिवस सगळं सुरळीत होतं. दहाव्या रात्री वीज गेली ती गेलीच, इन्व्हर्टरही बसला. सकाळी मुनीमजींनी प्रोग्राम नव्याने सुरू केला आणि झाडून सगळ्या शेतकऱ्यांच्या खुणा बदललेल्या. काल ज्याच्या नावावर चाळीस क्विंटल होते, त्याची नवी खूण टाकली की खातं कोरं. त्याहून वाईट म्हणजे दोघातिघांच्या नव्या खुणा दुसऱ्याच कुणाच्या तरी जुन्या खुणांशी जुळल्या होत्या.

मी कॉलेजात पायथन २ वर शिकले. तिथे 'केळी' या शब्दाचा हॅश आज जो यायचा तोच उद्या यायचा. तेच डोक्यात राहिलं. पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, स्ट्रिंगचा, म्हणजे मजकुराचा, हॅश प्रोग्रामच्या प्रत्येक सुरुवातीला वेगळा येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

जळगावहून सावद्याला जाऊन दिवसभर कागदी पावत्यांवरून खाती जुळवली. रात्री घरी येऊन अधिकृत माहितीपत्रकातली हॅश()ची नोंद काढून वाचली. जेमतेम चार-पाच वाक्यं. वस्तूला हॅश असेल तर तो मिळतो, हॅश हा पूर्णांक असतो, डिक्शनरीत, म्हणजे नावावरून नोंद काढायच्या पायथनच्या यादीत, शोधताना किल्ल्या, म्हणजे ती नावं, झटकन ताडून पाहायला त्याचा उपयोग होतो, समान संख्यांचा हॅश एकच असतो, १ आणि १.० यांचासुद्धा. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पण आकडा उद्या बदलेल हे तिथे नाही. ते दुसऱ्या पानावर आहे, स्वतःचा क्लास, म्हणजे वस्तूचा नवा प्रकार, लिहिणाऱ्यांसाठी जी खास हॅश-मेथड असते तिच्या नोंदीखाली. घराच्या पुढच्या दाराला पाटी नाही आणि 'कुत्र्यापासून सावध' हे मागच्या अंगणात लिहिलेलं, असा तो प्रकार. मी आयुष्यात मागच्या अंगणात गेलेच नव्हते.

त्याच सुमारास मी डिप्लोमाच्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग घेत होते. एरंडोल, धरणगाव, भुसावळकडून येणारी मुलं, बहुतेक मराठी माध्यमातली. त्यांच्यासाठी पायथनच्या सत्तरेक अंगभूत फंक्शनांची मराठी टिपणं करायचं काम चाललं होतं, दर फंक्शनला अर्धं पान. हॅज-अ‍ॅट्र झालं होतं, हेल्प व्हायचं होतं, मध्ये हॅश. एका रात्रीत उरकेल असं वाटलं. अकरा दिवस लागले.

पहिल्या कच्च्या मजकुराचं पहिलं वाक्य होतं: 'हॅश() हे फंक्शन वस्तूचे हॅश मूल्य परत करते.' वर्गात वाचून दाखवलं. मागच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "मॅडम, परत करते म्हणजे पुन्हा करते का? की आपण दिलेलं परत देते?" सगळे हसले, मीही हसले, पण हसता हसता पोटात गोळा आला. तोवर लिहिलेल्या तीसेक टिपणांत मी इंग्रजी 'रिटर्न'साठी 'परत करते' घातलं होतं. इंग्रजीत वाचायची सवय असलेल्याला ते टोचत नाही, कारण तो मनात इंग्रजीच वाचत असतो. जिने पहिल्यांदा मराठीत वाचलं तिला त्याचे दोन अर्थ लागले आणि दोन्ही चुकीचे. तिथे 'काढून देते' केलं. मग मागे जाऊन तीसही टिपणं दुरुस्त केली, त्यात दोन दिवस गेले.

मग 'हॅश' या शब्दाला मराठी प्रतिशब्द हवा का, यावर वर्गात तासभर गेला. मूळ शब्द बारीक चिरण्या-कुटण्याचा आहे म्हटल्यावर कुणीतरी 'ठेचा' म्हटलं आणि मग थांबायलाच कुणी तयार होईना. मला स्वतःला भरीत जास्त आवडलं. काड्यांवर भाजलेली वांगी लाकडी मुसळीने ठेचली की कुठलं वांगं कुठलं ते सांगता येत नाही आणि भरितातून वांगं परत मिळत नाही. हॅशवरून मूळ मजकूर काढता येत नाही, हे किती छान बसतं! भरिताचा एक अख्खा परिच्छेद लिहिला. दुसऱ्या दिवशी एका मुलाने लॅपटॉपवर हॅश(५) काढून दाखवला. उत्तर आलं ५. हॅश(१००) केला, उत्तर १००. म्हणजे वांगं बडवायला टाकलं आणि देठासकट अख्खं वांगं बाहेर आलं. लहान पूर्णांकांना पायथन हातही लावत नाही, त्याला तिथे गुपित राखायचंच नसतं, नोंद ठेवायला खण निवडायचा असतो. ज्यातून मूळ मजकूर काढता येऊ नये असे हॅश वेगळे, ते हॅशलिब नावाच्या मॉड्यूलमध्ये मिळतात. भरीत तिथे शोभलं असतं. इथे तो परिच्छेद वाचून एखाद्याने पासवर्ड हॅश()मध्ये घातला असता. परिच्छेद उडवला. अजून वाईट वाटतं.

(त्याच मुलाने मग −१ घालून पाहिला. उत्तर आलं −२. कारण आतल्या सी भाषेतल्या कोडमध्ये −१ हा 'काहीतरी चुकलं' असं कळवायचा इशारा आहे, म्हणून खऱ्या उत्तरात तो कधीच येऊ देत नाहीत. आणि अनंताचा हॅश काढला तर येतो ३१४१५९. म्हणजे ज्याने तो भाग लिहिला त्याला 'पाय'ची आठवण झाली असावी. दोन्ही गोष्टी मुलांना इतक्या आवडल्या की टिपणात घालाच म्हणाली. मी घातल्या नाहीत. टिपणात लिहिलं की ते वचन होतं, आणि −१ चं −२ होणं हे वचन नाही, नेहमीच्या पायथनच्या घरातली रीत आहे.)

खरी अडचण मधल्या वाक्याची. मी लिहिलं होतं: 'सारख्या वस्तूंचा हॅश सारखा असतो.' हा कागद मी आप्पांपुढे ठेवला. आप्पा म्हणजे माझे वडील, अमळनेरकडच्या शाळेत छत्तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध वीजबिल भरण्यापुरता. मे महिना, बाहेर पंचेचाळीसच्या आसपास, कूलरसमोर बसून त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि घरच्या बोलीत म्हणाले, "हाई काय शे? माले समजनं नही."

"आप्पा, तुम्हाला हॅश माहीत नाही म्हणून..."

"हॅशचं राहू दे. हे 'सारखा' मला समजत नाही. सारखा म्हणजे तोच? की त्याच्यासारखा? की सारखा सारखा?"

पुढची ओळ त्यांनी बोटाने दाखवली. तिथे मी लिहिलं होतं: 'प्रोग्राम चालू असताना हॅश सारखा राहतो, नंतर बदलू शकतो.' आता 'हॅश सारखा राहतो' आणि 'हॅश सारखा बदलतो' ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात तो जागचा हलत नाही, दुसऱ्यात तो क्षणभर थांबत नाही, आणि शब्द एकच. आप्पांनी लाल पेनाने सगळे 'सारखा' खोडले. आकड्यासाठी 'एकच' आणि 'तोच', वस्तूंसाठी 'समान', असं ठरलं. 'समान' शब्द गणिताच्या पुस्तकातला, थोडा कोरडा, पण त्याला पाय फुटत नाहीत.

आता वाक्य झालं: 'समान वस्तूंचा हॅश एकच असतो.' मला ते नेटकं वाटलं. वर्गात मुलांना विचारलं, दोन नावांचा हॅश एकच आला तर काय समजायचं? बावीसपैकी एकोणीस जणांनी लिहिलं, नावं समान आहेत.

हे आप्पांना सांगितलं तर त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. "दहावीच्या वर्गात हेच व्हायचं. 'एका घरातल्या भावांचं आडनाव एकच असतं' हे वाक्य दिलं की निम्मी पोरं त्याचं उलटं करून खरं मानायची. मग मी म्हणायचो, आपल्या गावात हाक मार 'पाटील' म्हणून आणि बघ किती दारं उघडतात. सगळे एकाच घरातले का?" वाक्य खरं होतं, पण त्याला दोन्हीकडून दार आहे असं वाचणाऱ्याला वाटत होतं. एका बाजूचं दार बंद आहे हे शब्दांत लिहावं लागणार होतं. 'आकडा एकच आला म्हणून वस्तू समान असतीलच असं नाही.' हे अर्धवाक्य मला आधी फालतू वाटलं होतं, कारण जर-तर ज्याला कळतं त्याला ते सांगायची गरज नाही. पण ज्याला कळतं त्याच्यासाठी मी टिपण लिहीत नव्हते. आणि सावद्याचा घोटाळा आठवून बघितलं तर मलाही कुठे कळलं होतं? दहा हजार खुणांत साधारण १२० नावं झाली की कुणातरी दोघांची खूण एकच येण्याची शक्यता निम्म्यावर जाते. हंगामात त्या व्यापाऱ्याकडे याहून जास्त शेतकरी येतात. वीज गेली नसती तरी मी बुडणारच होते, फक्त जरा सावकाश.

मुलांना पटावं म्हणून जावा या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेचं उदाहरण घेतलं. जावामध्ये स्ट्रिंगचा हॅशकोड कसा काढायचा याचं सूत्रच माहितीपत्रकात छापलेलं आहे: दर अक्षराला आधीच्या बेरजेला ३१ ने गुणायचं आणि अक्षराचा क्रमांक मिळवायचा. इंग्रजी अक्षरांचं उदाहरण सगळीकडे असतं, मी फळ्यावर देवनागरी घेतलं. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरांना ठरवून दिलेल्या क्रमांकांच्या यादीत, 'ख' चा क्रमांक २३२६, कान्याचा २३६६. म्हणून 'खा' चा हॅशकोड २३२६ गुणिले ३१ अधिक २३६६, म्हणजे ७४४७२. 'ग' २३२७, 'ट' २३३५. 'गट' चा हॅशकोड २३२७ गुणिले ३१ अधिक २३३५, म्हणजे पुन्हा ७४४७२. खा आणि गट! मग मुलं सुटलीच. 'गा' आणि 'घट' निघाले ७४५०३ वर. एकाने 'जा' आणि 'झट' शोधून काढले. युक्ती सोपी आहे, पहिलं अक्षर एकाने पुढे सरकवायचं आणि दुसरं ३१ ने मागे. त्या दिवसानंतर 'आकडा एकच म्हणून वस्तू समान' असं कुणी लिहिलं नाही.

आप्पांनी हे सगळं ऐकून विचारलं, "मग जावावाले आकडा बदलत नाहीत, तुमचे पायथनवाले मुद्दाम बदलतात, असं का?" प्रश्न बिनतोड होता. त्यांना मी टपाल कचेरीतल्या खणांचं सांगितलं. पत्रं वाटायला शंभर खण आहेत, पत्त्यावरून झटकन खण ठरतो, दर खणात दोन-चार पत्रं, पोस्टमनला शोधायला वेळ लागत नाही. आता खण कसा ठरतो हे कुणा खोडसाळाला कळलं आणि त्याने हजारो पत्रं अशा पत्त्यांवर टाकली की सगळी एकाच खणात पडावीत, तर पोस्टमन दिवसभर त्या एका खणापाशी अडकून पडेल. २०११ च्या डिसेंबरात बर्लिनमधल्या एका परिषदेत दोघा जर्मन संशोधकांनी हेच दाखवलं. पायथन, पीएचपी, जावा अशा बऱ्याच भाषांत लिहिलेले वेबसर्व्हर एकाच खणात पडणाऱ्या नावांचा भडिमार करून ठप्प करता येतात. त्यावर पायथनने खण ठरवण्याच्या हिशेबात दर सुरुवातीला एक नवा गुप्त आकडा मिसळायला सुरुवात केली. पुढे २०१४ मध्ये, ३.४ आवृत्तीत, स्ट्रिंगसाठी हिशेबाची पद्धतही बदलून सिपहॅश नावाची नवी आणली. जावाने सूत्र छापून ठेवलं असल्यामुळे त्यांना ते बदलायची सोय उरली नव्हती, त्यांनी खणांच्या आतली मांडणी सुधारली.

"म्हणजे छापलं तो अडकला," आप्पा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

हे कारण टिपणात घालावं का, यावर मी दोन रात्री घासाघीस केली. घातलं तर अर्ध्या पानाचं दीड पान होतं. शेवटी वगळलं. डिक्शनरी वापरणाऱ्या मुलाला हल्ला कसा होतो ते कळायची निकड नाही, आकडा कागदावर उतरवू नये हे कळायची आहे. पण 'बदलू शकतो' एवढंच लिहून मात्र भागेना. 'शकतो' वाचून माणूस म्हणतो, माझा नाही बदलणार. मी स्वतःही तेच म्हटलं असतं. म्हणून पुढे बजावणारं वाक्य आलं: जपून ठेवू नये. मला बजावणारी टिपणं आवडत नाहीत, शाळेच्या भिंतीवरच्या सूचनांसारखी वाटतात. इथे इलाज नव्हता.

'समान' या शब्दाला अजून एक झटका बसायचा होता. सावद्याहून पुन्हा फोन. तोवर मी हॅश काढून टाकला होता, पण नावाने शोध चालूच होता. बऱ्हाणपूरच्या एका गाडीमालकाची दोन खाती दिसत होती, दोन्हीकडे गाव 'बऱ्हाणपूर', अक्षरन् अक्षर तेच. कॉम्प्युटरला विचारलं तर म्हणे दोन्ही वेगळी. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की एक नोंद मोबाइलवरून झालेली, तिथे 'ऱ' हे एकच अक्षर म्हणून साठलेलं. दुसरी ऑफिसातल्या कीबोर्डवरची, तिथे साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता, असे दोन तुकडे. पडद्यावर डोळ्यांना काही फरक नाही. यूनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझने दोन्ही एका साच्यात आणली की प्रश्न मिटतो. अहिराणी लिहिणाऱ्याला तर 'करी ऱ्हायना, जाई ऱ्हायना' असं पावलोपावली हे अक्षर लागतं, त्याने हे लक्षात ठेवलेलं बरं. टिपणात मी एवढाच बदल केला: 'समान असतील' चं '== ने समान ठरत असतील'. == हे पायथनचं समानता तपासायचं चिन्ह. समान कुणाच्या डोळ्यांना, हा प्रश्न त्या दोन बरोबर चिन्हांनी मिटवला.

अकराव्या दिवशी मजकूर असा उरला:

'हॅश(वस्तू) हे फंक्शन दिलेल्या वस्तूसाठी एक पूर्णांक काढून देते. डिक्शनरी आणि सेट यांना नोंद पटकन सापडावी यासाठी पायथन हा आकडा वापरतो. दोन वस्तू == ने समान ठरत असतील तर त्यांचा आकडा एकच येतो, पण आकडा एकच आला म्हणून वस्तू समान असतीलच असे नाही. स्ट्रिंगचा आकडा प्रोग्राम चालू असेपर्यंत तोच राहतो, पुन्हा सुरू केल्यावर वेगळा येतो. म्हणून हा आकडा फाइलमध्ये, डेटाबेसमध्ये किंवा कागदावर जपून ठेवू नये. लिस्ट, डिक्शनरी आणि सेट यांना असा आकडा नसतो, मागितल्यास टाइपएरर येते.'

सहा वाक्यं. चौथ्या वाक्यात 'येतो' की 'येऊ शकतो' हा वाद त्यानंतरही राहिला. पायथनहॅशसीड नावाची एक सेटिंग शून्य केली तर आकडा बदलत नाही, म्हणजे काटेकोरपणे 'येतो' चूक आहे. 'सहसा वेगळा येतो' असं करून मी तो मिटवला. आप्पांना 'सहसा' पसंत नाही. ते म्हणतात तो शब्द पळवाट काढणाऱ्याचा असतो. मी म्हटलं, इथे पळवाट खरीच आहे.

सावद्याला शेवटी काय केलं? मुनीमजींनीच सांगितलं. त्यांच्या लाल कापडी बांधणीच्या वहीत प्रत्येक शेतकऱ्याला ओळीने आकडा असतो, नवा आला की पुढचा आकडा. "तुम्ही आकडा काढत कशाला बसता ताई? पुढचा घ्यायचा." आता प्रोग्रामही तेच करतो.

टिपण वाटून आठवडा झाला तेव्हा धरणगावचा एक मुलगा वर्ग सुटल्यावर थांबला. त्याने घरी करून पाहिलं होतं. फाइल उघडीच होती, एडिटर बंद केला नव्हता, तरी दोनदा रन केल्यावर आकडा वेगळा आला. "मॅडम, टिपणात तर लिहिलंय प्रोग्राम चालू असेपर्यंत. माझा प्रोग्राम तर समोर उघडाच होता." त्याच्या लेखी प्रोग्राम म्हणजे पडद्यावर दिसणारी फाइल. मी पेन काढून त्याच्याच कागदावर ते वाक्य खोडलं. आता तिथे 'प्रोग्राम एकदा रन केल्यापासून तो संपेपर्यंत' असं आहे.